विकणे नाही

'विकणे आहे' ही पाटी पाहण्याची आपल्या डोळ्यांना इतकी सवय झाली आहे की, तिच्याकडे आपण दुसऱ्यांदा वळूनही पाहत नाही. वाडा विकणे आहे, आंब्याची बाग विकणे आहे, टेकडीवरचे प्लॉट विकणे आहेत. वर्तमानपत्राची आतली पाने चाळावीत तर अख्खा महाराष्ट्रच कुणीतरी विकायला काढला आहे की काय, असे वाटावे! अशा मुलखातून गेलेल्या माणसाला 'विकणे नाही, कधीच नाही' असे कायद्याने लिहून ठेवलेली घरे, बागा आणि डोंगर पाहायला मिळाले तर मौज वाटणारच. ही मौज मी गेल्या मे महिन्याच्या सुटीत इंग्लंडात मनमुराद लुटली. तिचीच ही हकिकत.

निमित्त झाले माझ्या मेव्हण्याचे. तो रेडिंगला राहतो. त्याच्या पाकिटात, बँकेच्या कार्डांच्या मागे, ओकच्या पानांचे चित्र असलेले एक कार्ड मला दिसले. "हे कसलं रे?" म्हणून विचारले तर तो म्हणाला, "भाऊजी, हा आमचा इथला देवदर्शनाचा पास. रविवारी एखादी हवेली नाहीतर बाग गाठायची, दोन तास पाय मोडेपर्यंत हिंडायचं, आणि शेवटी चहा आणि स्कोन. इथले निम्मे सभासद स्कोनवर जीव ठेवून आहेत!"

स्कोन म्हणजे जॅम आणि दाट सायीबरोबर खायचा एक गुबगुबीत पाव. पण निव्वळ पावासाठी माणसे वर्गणी भरतात म्हणावे, तर आकडे छाती दडपवणारे आहेत. नॅशनल ट्रस्ट नावाच्या या धर्मादाय संस्थेचे पन्नास लाखांहून अधिक सभासद आहेत. सहा लाखांहून अधिक एकर जमीन, ७८० मैलांहून लांब समुद्रकिनारा आणि शेकडो जुनी घरे व बागा तिच्या ताब्यात आहेत. इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड हा तिचा मुलूख. स्कॉटलंडने १९३१ साली आपला वेगळा ट्रस्ट काढला. आणि हे सरकारी खाते नव्हे बरे का! लोकांची वर्गणी, लोकांच्या देणग्या, मृत्युपत्रे आणि तो स्कोन, यांवर हा सारा डोलारा उभा आहे.

मेव्हण्याने पहिल्याच रविवारी आम्हांला ससेक्स परगण्यातील आल्फ्रिस्टन या खेड्यात नेले. ट्रस्टने घेतलेली पहिली इमारत तिथे आहे. मी मनात एखाद्या राजवाड्याची तयारी करून गेलो होतो. समोर पाहतो तो काय, गवताने शाकारलेले, लाकडी सांगाड्याचे, थोडेसे कललेले एक घर! शेजारी चर्च, मागे कुकमिअर नावाची छोटीशी नदी, पुढे हिरवे मैदान. चौदाव्या शतकातले हे घर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पार मोडकळीस आले होते. १८९६ साली ट्रस्टने ते दहा पौंडांना विकत घेतले. दुरुस्तीला अर्थातच त्याच्या कितीतरी पट पैसा लागला. जुने घर घेण्यापेक्षा उभे ठेवणे महाग, हे कुणाही वाडेवाल्याला सांगायला नको.

आत गेल्यावर आमच्या सौभाग्यवती एकदम खाली बसल्या. मला वाटले, पायात गोळा आला. पण त्या जमिनीवरून हात फिरवीत होत्या. तिथल्या बाईंनी सांगितले की, ही जमीन खडूच्या खड्यांची आहे. ते पसरून चोपतात आणि वरून आंबट दूध जिरवून ती घट्ट करतात.

"म्हणजे आपलं सारवणच की!" बायको म्हणाली. "आपण शेण घेतलं, यांनी नासकं दूध."

शिल्पशास्त्रावरचा एवढा नेमका अभिप्राय मी तरी कुठल्या ग्रंथात वाचलेला नाही. त्याच घरातल्या एका तुळईवर ओकचे पान कोरलेले आहे. ट्रस्टचे बोधचिन्ह कदाचित त्यावरूनच सुचले असावे, असे म्हणतात.

आता या संस्थेचा जन्म कसा झाला, ते थोडक्यात सांगतो. कारण खरी गोम तिथेच आहे. १८८४ च्या सुमारास लंडनच्या डेप्टफर्ड भागातील एक जुनी बाग तिच्या मालकाला लोकांसाठी देऊन टाकायची होती. सतराव्या शतकातला प्रसिद्ध रोजनिशीकार जॉन ईव्हलिन याची ती बाग. मालक त्याचाच वंशज. दाता तयार, दान तयार. पण दान घ्यायला कायद्याने समर्थ असा कुणी सापडेना! ऑक्टेव्हिया हिल नावाच्या बाई लंडनच्या गरीब वस्त्यांत घरे सुधारण्याचे काम करीत होत्या. कोंदट खोल्यांत राहणाऱ्या माणसाला चार चौरस यार्ड उघडे आकाश मिळाले पाहिजे, हा त्यांचा ध्यास. त्यांनी रॉबर्ट हंटर या वकिलाचा सल्ला घेतला. हंटर म्हणाले, अशा वस्तू धरून ठेवण्यासाठीच एक संस्था काढली पाहिजे. तिला नाव काय द्यावे, याची पत्रापत्री झाली. बाईंच्या पत्रावर हंटरसाहेबांनी पेन्सिलीने दोन शब्द खरडले आणि त्यांच्याआधी एक प्रश्नचिन्ह काढले. ते शब्द 'नॅशनल ट्रस्ट'. पुढे हार्डविक रॉन्स्ली हे सरोवरांच्या मुलखातले धर्मोपदेशक त्यांना येऊन मिळाले, आणि १८९५ च्या जानेवारीत संस्था रीतसर उभी राहिली. त्याच वर्षी वेल्समधील बारमथ गावच्या वर, समुद्राकडे तोंड करून असलेली साडेचार एकरांची एक टेकडी श्रीमती टॅलबट यांनी तिला दिली. टेकडीला टेकडीच राहू द्या, तिला शोभिवंत करायला जाऊ नका, एवढेच त्यांचे मागणे होते.

पण संस्था म्हटली की माणसे आली, माणसे म्हटली की मोह आला. आज दान घेतलेली टेकडी उद्याच्या चालकांनी विकली तर? हंटर वकील होते, त्यांनी ही भोकेही बुजवून टाकली. १९०७ साली पार्लमेंटाने नॅशनल ट्रस्टचा खास कायदा केला. त्यातली कळ अशी की, ट्रस्टने एखादी मालमत्ता एकदा 'अविक्रेय' म्हणून जाहीर केली की, ती पुढे ट्रस्टलाही विकता येत नाही. आणि ती घ्यायची म्हटले तर सरकारलाही पार्लमेंटाची खास पायरी चढावी लागते. आपल्याकडे देवस्थान इनामाची जमीन विकता येत नाही, कारण तिचा मालक देव. इथे देवाच्या जागी लोक आहेत, आणि त्यांतले बरेचसे अजून जन्माला यायचे आहेत. स्वतःचे हात स्वतःच बांधून घेणारी संस्था मी पहिल्यांदाच पाहत होतो.

पुढच्या आठवड्यात आम्ही विल्टशायरमधल्या स्टोअरहेडला गेलो. लंडनच्या होअर पेढीच्या मालकांची ही हवेली. ही पेढी १६७२ ची, आजही चालू. या घराण्यातील दुसऱ्या हेन्री होअरने १७४० नंतर ओढ्याला बांध घालून एक तलाव केला आणि त्याच्या काठाने मंदिरे, पूल, गुहा अशी रचना केली की, चालणाऱ्याला प्रत्येक वळणावर नवे चित्र दिसावे. आम्ही गेलो तेव्हा ऱ्होडोडेन्ड्रॉन फुलले होते. या कुळातली कितीतरी झाडे हिमालयातून इंग्लंडात गेलेली. कुमाऊंतला बुरांस साहेबाच्या बागेत पाहून माहेरचे माणूस भेटल्यासारखे वाटले.

पण मला त्या बागेत आठवण राहिली ती फुलांची नव्हे. विसाव्या शतकात या घराचे मालक सर हेन्री होअर आणि त्यांची पत्नी लेडी आल्डा होते. एकुलता एक मुलगा हॅरी पहिल्या महायुद्धात पॅलेस्टाइनच्या आघाडीवर जखमी झाला आणि १९१७ साली वारला. दोनशे वर्षे जपलेले घर. पुढे द्यायचे कुणाला? त्या काळात वारसा-कर असा वाढत गेला होता की, एकेका घराण्यात बापामागोमाग मुलगा गेला की हवेलीच्या कौलांसकट लिलाव. शेकडो हवेल्या पाडल्या गेल्या. दगड, दारे, जिनेसुद्धा विकले गेले. यावर तोड म्हणून १९३७ सालच्या कायद्याने ट्रस्टला अशा हवेल्या घेण्याची वाट मोकळी झाली. मात्र नुसते घर देऊन भागत नसे. त्याच्या पोटापाण्यासाठी जमीन किंवा पैसाही द्यावा लागे. मग घराण्यातली माणसे तिथेच राहू शकत, आणि लोक येऊन पाहू शकत. होअर दांपत्याने १९४६ साली स्टोअरहेड ट्रस्टला दिले. पुढच्या वर्षी, २५ मार्च १९४७ या एकाच दिवशी, काही तासांच्या अंतराने दोघांनीही जगाचा निरोप घेतला.

हे ऐकल्यावर आम्ही चहाच्या टपरीवर बराच वेळ गप्प होतो. टपरी म्हणजे जुना तबेला! मग बायको एकदम भावाला म्हणाली, "आणि आपला वाईचा वाडा?"

कृष्णेच्या घाटाजवळचा तो वाडा मीही पाहिला होता. लग्नाची बोलणी त्याच वाड्याच्या ओसरीवर झाली होती. सासरे गेल्यावर अकरा वारस निघाले. आता तिथे चार मजली इमारत आहे, आणि तिला नाव मात्र 'अमुक वाडा' असे दिलेले आहे. दहा वर्षांपूर्वी सही करायला मेव्हणा मुद्दाम इथून गेला होता. तेव्हापासून बहीण-भावांत हा विषय कधी निघाला नव्हता.

"तू इथल्या लॉर्डांच्या कौलांसाठी दर वर्षी वर्गणी भरतोस," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच मला काळजी वाटली.

मेव्हण्याने स्कोन बशीत ठेवला. "भरतो, ताई. का भरतो ते तुला सांगू? वाडा द्यायला मी तयार होतो. माझा हिस्सा फुकट द्यायला तयार होतो. बाकीच्यांपैकीही दोघं-तिघं तयार होते. पण द्यायचा कुणाला? घेणारा कोण होता, सांग ना!"

बायको काही बोलली नाही. थोड्या वेळाने तिने आपल्या बशीतला अर्धा स्कोन त्याच्या बशीत ठेवला. लहानपणी ती दोघे लाडू वाटून घेत ते असेच असणार.

डेप्टफर्डच्या बागेची गोष्ट मला तेव्हा नीट कळली. जुन्या वास्तू पडतात त्या केवळ लोभापायी, असे आपण धरून चालतो. लोभ असतोच. पण देणाऱ्याचा हात पुढे झाला तर तो धरणारा दुसरा हातही लागतो, आणि तो हात शंभर वर्षे थरथरता उपयोगी नाही. आपल्याकडे १९८४ साली दिल्लीत 'इंटॅक' ही संस्था या ट्रस्टच्याच नावावरून नाव घेऊन निघाली, आणि तिने जतनाचे बरेच कामही केले आहे. पण सामान्य घराण्याने आपला वाडा जनतेच्या नावे करून द्यावा आणि तो कुणीतरी कायमचा सांभाळावा, ही वहिवाट आपल्या गावोगावी अजून पडायची आहे.

त्यानंतर आम्ही उत्तरेकडे, सरोवरांच्या मुलखात गेलो. विंडरमिअर सरोवर फेरीबोटीने ओलांडले की निअर सॉरी हे खेडे लागते. तिथल्या हिल टॉप या शेतघरात बीट्रिक्स पॉटरबाईंची वस्ती असे. आपल्या इंग्रजी शाळांतली मुले ज्याची गोष्ट वाचतात, तो निळ्या कोटातला पीटर ससा यांचाच. पुस्तकांच्या मिळकतीत मावशीकडून आलेल्या पैशाची भर घालून त्यांनी १९०५ साली हे शेत घेतले. मग एक शेत, दुसरे शेत करीत त्या जमीन घेत गेल्या. कारण शेती विकली जाऊन तिथे बंगले उभे राहण्याचे दिवस आले होते. १९४३ च्या डिसेंबरात त्या वारल्या तेव्हा त्यांच्या मृत्युपत्रामुळे चार हजारांहून अधिक एकर जमीन आणि डझनाहून अधिक शेतवाड्या ट्रस्टच्या पदरात पडल्या. अट होती मेंढ्यांची. तिथल्या डोंगरी शेतांवर हर्डविक जातीच्याच मेंढ्या राहिल्या पाहिजेत!

मेंढ्यांसाठी एवढा हट्ट का, ते तिथे गेल्यावर समजते. कोकणातल्या गडग्यांसारखे, चुन्याशिवाय रचलेले दगडी बांध डोंगराच्या कंबरेपर्यंत चढतात आणि मग संपतात. वर सारे मोकळे रान. तरी एका कुळाच्या मेंढ्या दुसऱ्याच्या चराईत जात नाहीत. आपली हद्द कुठली, हे कोकराला त्याची आई चरता चरता शिकवते. ते मोठे होऊन आपल्या कोकराला शिकवते. म्हणून शेताचे कूळ बदलले तरी कळप शेताबरोबरच राहतो. एकदा का तो बाजारात गेला की पिढ्यान् पिढ्यांचा पाठ पुसला गेला. पुन्हा नव्या मेंढ्या आणता येतील, त्यांना डोंगर कोण शिकवणार? मे महिना असल्यामुळे करड्या आयांच्या पायांत काळीकुट्ट कोकरे लुडबुडत होती. ही जात जन्मतः काळी असते आणि वयाबरोबर पांढुरकी होत जाते. या बाबतीत ती आम्हां प्राध्यापकांच्या जवळची म्हणायची.

कायदा मात्र सर्वशक्तिमान नाही, याची आठवण इकडे सगळ्यांना ताजी आहे. याहून उत्तरेला, रोमन लोकांनी बांधलेल्या हेड्रियनच्या भिंतीच्या एका खिंडीत सिकॅमोर जातीचे एकुलते झाड उभे होते. जागा ट्रस्टची. २०२३ च्या सप्टेंबरात एका रात्री दोघा जणांनी ते करवतीने कापले. २०२५ मध्ये त्यांना तुरुंगवासाची शिक्षा झाली. झाड सुमारे एकोणपन्नास फूट उंच होते, म्हणून त्याच्या बियांपासून आणि डहाळ्यांपासून केलेली एकोणपन्नास रोपे ट्रस्टने देशभर वाटायला काढली. खोडालाही २०२४ मध्ये धुमारे फुटले.

परतीच्या वाटेवर डर्बीजवळ केडल्स्टन हॉल लागला, आणि माझ्यातला मराठी माणूस जागा झाला. कारण हे घर लॉर्ड कर्झनचे! ज्याने १९०५ साली बंगालची फाळणी केली आणि ज्याच्यावर टिळकांचा 'केसरी' तुटून पडला, तो कर्झन १८५९ साली या घरात जन्मला. योगायोग पाहा. कलकत्त्याचे गव्हर्नमेंट हाऊस वेलस्लीने १७९९ मध्ये बांधायला घेतले ते याच केडल्स्टनच्या नमुन्यावर. म्हणजे व्हाइसरॉय होऊन हिंदुस्थानात आलेले हे गृहस्थ उतरले ते जणू आपल्याच घरी.

रॉबर्ट अ‍ॅडमने सजवलेल्या संगमरवरी दिवाणखान्यात वीस प्रचंड खांब आहेत. या हवेलीला जागा हवी म्हणून अठराव्या शतकात केडल्स्टन गावच उचलून दुसरीकडे नेले. चर्च तेवढे राहिले. तळमजल्यावर कर्झनने पूर्वेकडून आणलेल्या वस्तूंचे संग्रहालय आहे. तिथेच लेडी कर्झनचा प्रसिद्ध मोरपिशी पोशाख आहे. १९०३ च्या दिल्ली दरबाराच्या नाचासाठी हिंदी कारागिरांनी त्यावर जरदोजीची मोरपिसे भरली आणि प्रत्येक पिसाच्या डोळ्यावर भुंगेऱ्याचा हिरवा पंख बसवला. १८९९-१९०० चा भीषण दुष्काळ सरून तेव्हा तीन वर्षेही झाली नव्हती.

बायको काचेसमोर बराच वेळ उभी राहिली. "या पिसांचे डोळे चमकतायत," ती हळूच म्हणाली, "पण ज्यांनी भरले त्यांच्या डोळ्यांचं काय झालं असेल?"

शेजारी ट्रस्टचे एक वृद्ध स्वयंसेवक उभे होते. त्यांना मी ते इंग्रजीत सांगितले. म्हातारा काही वेळ पोशाखाकडे पाहत राहिला, मग म्हणाला, "मी रोज याच्याजवळ उभा राहतो. हा आमचा म्हणायचा की तुमचा, हे मला अजून ठरवता आलेले नाही."

हा प्रश्न त्या म्हाताऱ्याचा एकट्याचा नाही. २०२० साली ट्रस्टने स्वतःच एक अहवाल काढला आणि आपल्या ताब्यातील ९३ स्थळांचा वसाहतींशी किंवा गुलामांच्या व्यापाराशी संबंध होता, हे लिहून टाकले. केवढे वादळ उठले! वर्तमानपत्रे तापली, पार्लमेंटात चर्चा झाली, आमच्या बागा आम्हांला सुखाने पाहू द्या म्हणून काही सभासद रागावले. वेल्समधील पोविस किल्ल्यात टिपू सुलतानाचा तंबू आहे; तो तिथे चालत गेला नव्हता, हे कुणीतरी सांगायलाच हवे होते.

आणि कर्झनच्या बाबतीत आणखी एक गाठ सुटत नाही. आपल्या लेण्यांशी आणि किल्ल्यांशी निळी पाटी असते ती १९५८ च्या कायद्याची. पण त्याच्या आधीचा, १९०४ चा प्राचीन स्मारकांचा कायदा याच कर्झनने केलेला. मायदेशी परतल्यावर टॅटरशॉल किल्ल्यातील कोरीव चुली उपटून अमेरिकेला चालल्याचे कळले, तेव्हा त्याने १९११ साली तो किल्ला विकत घेतला आणि चुली परत आणून जागच्या जागी बसवल्या. बोडियमचा किल्लाही त्याने घेतला. १९२५ साली मरताना दोन्ही नॅशनल ट्रस्टला देऊन गेला. देश तोडणारा हात आणि चुली जोडणारा हात एकाच माणसाचे!

मला विचाराल तर, ही हवेली पडली असती तर कर्झनचे काही बिघडले नसते; तो चर्चमध्ये शांत झोपला आहे. तोटा आपला झाला असता. पोशाख गेला असता, भुंगेऱ्यांचे पंख गेले असते, आणि त्यांच्याबरोबर अनाम कारागिरांची साक्षही. जुने घर म्हणजे कुटुंबाची शोभेची तसबीर नव्हे; ती हिशेबाची वही आहे. तिच्यात जमा असते तशी नावेही असते. वहीच रद्दीत घातली तर वसुली कुणाकडे मागायची? ट्रस्ट आज लिव्हरपूलमधली बीटल्स मंडळींची साधी घरे, बर्मिंगहॅमच्या कामगारांची पाठीला पाठ लावून बांधलेली खुराडी आणि साउथवेलचा गरिबांना डांबण्याचा वर्कहाउस हेही त्याच जिव्हाळ्याने जपतो, ते मला म्हणूनच शहाणपणाचे वाटते. राजाची पाने ठेवायची आणि रंकाची फाडायची, असे झाले तर ती वही खोटी.

केडल्स्टनहून निघताना बायकोने भावाला विचारले, "का रे, तुझ्या त्या वर्गणीत आणखी एक नाव घालता येतं का? बाहेरच्या देशातलं माणूस चालतं?"

"चालतं की," मेव्हणा म्हणाला. "पण ताई, तुला इथे वरचेवर यायला थोडंच जमणार?"

"न जमू दे," ती म्हणाली. "वाईला वर्गणी भरायची सोय होईपर्यंत इथे भरते."